गोणी २६६.५० ची, बिल २६६.५१ चं: डेटाबेसमधलं राउंडिंग ताळ्यावर कसं आणायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्राला मी बिलिंगचा प्रोग्राम करून दिला होता. मिरग लागला, पेरण्या सुरू झाल्या आणि दुकानात गर्दी उसळली. त्या गर्दीत एक निवृत्त गुरुजी युरियाची एक गोणी घेऊन बिल वाचत उभे राहिले. खतविक्रीची सरकारी नोंद करणाऱ्या ई-पॉस मशीनची पावती निघते ती वेगळी, हे दुकानाचं स्वतःचं बिल, म्हणजे माझ्या प्रोग्रामचं. गोणीवर किंमत २६६ रुपये ५० पैसे. बिलावर करपात्र रक्कम २५३.८१, सीजीएसटी (केंद्राचा अडीच टक्के कर) ६.३५, एसजीएसटी (राज्याचा तेवढाच) ६.३५, बेरीज २६६.५१. वर राउंड ऑफ ४९ पैसे, म्हणजे देणं २६७ रुपये.

"गोनीवर काय लिहेल हाय, आन् बिलावर काय लिहेल हाय? एका पैशानं मी काई मरत नाई. पन तुमच्या कम्प्युटरले बेरीज येत नसन तं सांगा, मी शिकवतो."

दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, गुरुजी दुकानातून हालून नाई रायले." मी घाईघाईत त्या एका वस्तूची करपात्र रक्कम हातानं २५३.८० करून दिली. पुढची बिलं जुळली, गुरुजींचं निघालेलं बिल तसंच राहिलं. आठवड्यानं डीएपी खताचं बिल आलं: एमआरपी १३५०, बिलाची बेरीज १३४९.९९. आता एक पैसा कमी! तेव्हा लक्षात आलं की ठिगळं लावून हे भागणार नाही. पुढे जे लिहितो आहे ते त्या हंगामात शिकलेलं आहे. कृषी केंद्र असो, हार्डवेअरचं दुकान असो की गावात जाऊन केलेल्या खेडा खरेदीचा हिशोब, गाठी त्याच असतात.

एक सूचना. डेटाबेसच्या आज्ञा मी तोंडानं म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या आपापल्या लिपीत जातील.

आधी रोग ओळखा

राउंडिंगचा घोळ म्हणून जे येतं त्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिघांची औषधं वेगळी. पहिला, रक्कम चुकीच्या प्रकारच्या कॉलममध्ये साठवली आहे. दुसरा, अर्धा पैसा आला की एक जागा वर ढकलते आणि दुसरी खाली. तिसरा, पैसा एका ठिकाणी ओळीवर गोल होतो आणि दुसऱ्या ठिकाणी बेरजेवर.

कुठला आहे हे बघायला बिलाच्या टेबलावर आणि ओळींच्या टेबलावर ही आज्ञा चालवा:

सिलेक्ट बिल.क्रमांक, बिल.एकूण − बिल.राउंड_ऑफ − सम(ओळ.एकूण) फ्रॉम बिल जॉइन ओळ … ग्रुप बाय बिल.क्रमांक, बिल.एकूण, बिल.राउंड_ऑफ, आणि हॅविंगमध्ये तोच फरक शून्य नसलेला.

आलेल्या यादीकडे नीट बघा. फरक ०.००००००००००३ सारखे दिसले तर पहिला आजार. फरक नेमका एक-दोन पैशांचा आणि तोही चार-सहा ओळींच्या बिलांवरच, तर बहुधा तिसरा. यादी रिकामी आली, पण स्क्रीनवर एक आकडा आणि छापील बिलावर दुसरा, तर दोन ठिकाणी दोनदा गणित होतंय. तिथे दुसरा, तिसरा किंवा दोन्ही असू शकतात. माझ्याकडे तिन्ही निघाले.

फ्लोटला आणे कळतात, पैसे कळत नाहीत

फ्लोट आणि डबल हे प्रकार संख्या द्विमान पद्धतीत ठेवतात: अर्धा, पाव, आठवा भाग, सोळावा भाग. ०.१ ही संख्या त्यात बरोबर बसत नाही, जसं एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३३ संपतच नाही. म्हणून ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं.

आपल्या जुन्या पाठांतरातल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आठवून पाहा. हे सगळे अपूर्णांक फ्लोटमध्ये अगदी अचूक बसतात. जुना रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता, तोही बसला असता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तिथून फ्लोटशी आपलं बिनसलं. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या शंभर पैशांपैकी फ्लोटमध्ये तंतोतंत बसणारे चारच: ००, २५, ५० आणि ७५. उरलेले ९६ जवळपास असतात, तंतोतंत नसतात. १.००५ लिहिलं तर आत साठतं ते १.००४९९९… असं काहीतरी. म्हणून ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ते दोन घरांत मागितलं की १.०१ ऐवजी १.०० मिळतं.

तेव्हा पैशाच्या कॉलमला फ्लोट नको, डबल नको, रिअल नको. काय हवं ते डेटाबेसवर अवलंबून आहे.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये डेसिमल किंवा न्यूमेरिक. ओळीच्या आणि बिलाच्या रकमेला (१४, २), दराला (१४, ४), कराच्या टक्क्याला (६, ३). कंसातला पहिला आकडा एकूण अंकांचा, दुसरा दशांशाच्या घरांचा. एसक्यूएल सर्व्हरमध्येही डेसिमलच घ्या. तिथे मनी नावाचा प्रकार आहे आणि नावामुळे मोह होतो, पण तो चार घरांचाच आहे आणि भागाकारात मधलं उत्तरही चार घरांत कापलं जातं. मनीमध्ये १ भागिले ३ केलं तर ०.३३३३ आणि त्याला पुन्हा ३ नं गुणलं तर ०.९९९९. तालुक्याच्या ठिकाणी अजून कित्येक दुकानांत अ‍ॅक्सेसवर चालणारे प्रोग्राम आहेत. तिथला करन्सी हा प्रकार साठवायला चांगला आहे, फक्त भागाकार जपून करा.

एसक्यूलाइटचं वेगळं आहे आणि मोबाइलवरचे बिलिंग अ‍ॅप बहुतेक त्यावरच असतात. त्याला कॉलम डेसिमल (१०, २) म्हणून सांगितला तर तो मुकाट्यानं हो म्हणतो आणि आत अपूर्णांक फ्लोटमध्येच ठेवतो. तिथे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. २६६.५० म्हणजे २६६५०. छापताना शंभरनं भागा, त्याआधी नाही.

दोन फसव्या जागा इथेच सांगून टाकतो. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये ५ भागिले १०० केलं तर उत्तर शून्य येतं, कारण दोन्ही पूर्णांक आहेत, मायएसक्यूएलमध्ये ०.०५०० येतं. म्हणजे तीच आज्ञा एका डेटाबेसवरून दुसरीकडे नेली की कर गायब. ५.० लिहायची सवय लावा. दुसरं, दोन घरांच्या कॉलममध्ये सहा घरांचं उत्तर टाकलं तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ते गोल करून ठेवतात आणि प्रोग्रामला एररही येत नाही. राउंडिंग तुम्ही लिहिलं नाही म्हणजे झालं नाही असं समजू नका.

वजनाच्या कॉलमकडे कोणी बघत नाही

पैशाच्या मागे लागताना आपण वजन विसरतो, आणि खरा पैसा तिथेच सांडतो. कापसाच्या खेडा खरेदीचा एक हिशोब माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. भाव क्विंटलचा असतो म्हणून वजनही क्विंटलमध्ये, आणि कॉलम दोन घरांचा. एक गाठोडं काट्यावर भरलं ४३ किलो ६५० ग्रॅम. क्विंटलमध्ये ते ०.४३६५. दोन घरांत गेलं की ०.४४. भाव ७,२०० धरला तर खरी रक्कम ३,१४२.८०, आणि डेटाबेसमधली ३,१६८. एका गाठोड्यामागे २५ रुपये २० पैसे! कधी शेतकऱ्याच्या बाजूनं, कधी व्यापाऱ्याच्या. महिन्याची बेरीज केली की दोन्हीकडचं थोडंफार फिटून जातं, म्हणून व्यापाऱ्याला कळलं नव्हतं. ज्याचं गाठोडं ०.४३४ चं ०.४३ झालं, त्या शेतकऱ्याचं मात्र कुठेही फिटत नाही.

उपाय सोपा आहे. वजन किलोत, तीन घरांत साठवा. भाव क्विंटलचाच राहू द्या. रक्कम काढताना आधी किलो गुणिले भाव, मग भागिले शंभर, आणि शेवटी एकदाच गोल. गुणाकार आधी, भागाकार नंतर हा नियम पुढेही लागेल.

अर्ध्या पैशाचा नियम एकच ठेवा

करपात्र रक्कम २५३ रुपये. अडीच टक्के सीजीएसटी म्हणजे ६.३२५. आता ६.३३ की ६.३२? शाळेत शिकलो ते पाच आले की वर. पण संगणकाच्या जगात दुसरी एक रीत आहे, तिला बँकर्स राउंडिंग म्हणतात: नेमका अर्धा आला तर जवळच्या सम अंकाकडे जायचं. त्या रीतीनं ६.३२.

कोण काय करतं ते पाहा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस, दोघांचं राउंड डेसिमलवर चालवलं तर शाळेसारखं. पोस्टग्रेसमध्ये तेच राउंड डबलवर चालवलं तर साधारणपणे समकडे. मायएसक्यूएलमध्ये फ्लोटवर चालवलं तर ते यंत्रावरच्या लायब्ररीच्या मर्जीवर. एक्सेलचं राउंड शाळेसारखं, पण त्याच एक्सेलच्या आतल्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेतलं राउंड बँकर्स. पायथनचं राउंड बँकर्स, राउंड(२.५) ला तो २ म्हणतो, त्याच्या डेसिमल लायब्ररीचंही न सांगता बँकर्सच. म्हणजे दुकानात स्क्रीनवर पायथन, आत पोस्टग्रेस आणि हिशोबनिसाकडे एक्सेल असेल, तर तिघं तीन तोंडांनी बोलू शकतात, आणि तिघंही आपापल्या परीनं बरोबर.

केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७० मध्ये कराची रक्कम जवळच्या रुपयात कशी करायची ते आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. हे रुपयाबद्दल आहे, पण पैशाच्या दोन घरांनाही मी तीच रीत लावतो. एक रीत दोन्हीकडे असली की समजावताना तोंड कोरडं पडत नाही.

परत आलेल्या मालाचं बिल उणे आकड्यात करत असाल तर जपा. −२.५ ला मायएसक्यूएल −३ करतो, जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड −२ करतं. माझी पद्धत: गणित सगळं अधिक आकड्यांत करायचं, उणे चिन्ह शेवटी लावायचं.

आणि हे सगळं एकाच जागी. डेटाबेसमध्ये एक फंक्शन करा, त्याला 'पैसा_गोल' असं काहीही नाव द्या, आणि प्रोग्राममध्ये इतरत्र कुठेही राउंड हा शब्द दिसला तर तो काढून टाका. स्क्रीनवर दाखवायचा आकडाही त्याच फंक्शनमधून यावा. ग्राहकासमोर ब्राउझर आधी अंदाज दाखवतो आणि सेव्ह केल्यावर आकडा हलतो, असा प्रकार एकदा झाला की दुकानदाराचा विश्वास परत मिळवायला हंगाम जातो.

ओळीवर की बेरजेवर?

कीटकनाशकांना १८ टक्के, म्हणजे नऊ अधिक नऊ. तीन बाटल्यांच्या तीन ओळी, करपात्र रकमा ११२.७०, २३६.६० आणि ८४.३८. ओळीवर नऊ टक्के काढून गोल केले: १०.१४, २१.२९, ७.५९. बेरीज ३९.०२. आता आधी बेरीज करा, ४३३.६८, आणि तिचे नऊ टक्के काढा: ३९.०३.

दोन्ही बरोबर आहेत. गडबड तेव्हा होते, जेव्हा बिलाच्या खाली एक छापलं जातं आणि महिन्याच्या अहवालात दुसरं मोजलं जातं.

मी ओळीवर गोल करतो आणि बिलाची बेरीज म्हणजे गोल केलेल्या ओळींची बेरीज, दुसरं काही नाही. कारण व्यवहारातलं आहे. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात एचएसएननिहाय, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या कोडप्रमाणे, गोषवारा द्यावा लागतो. एका बिलात खत असतं पाच टक्क्यांचं, औषध अठराचं, आणि कपाशीचं बियाणं कर नसलेलं. बेरजेवर गोल केलेला कर नंतर एचएसएनप्रमाणे फोडायला गेलं की तो सुटा पैसा कोणाच्या वाट्याला घालायचा हा प्रश्न दरमहा उभा राहतो. ओळीवर गोल असेल तर कशाही प्रकारे गोळा करा, बेरीज तीच येते.

याच ओळीत आणखी एक चूक मी बऱ्याच प्रोग्राममध्ये पाहिली आहे. पाच टक्के काढायचे आणि त्याचे दोन भाग करायचे. १२.६९ चे दोन सारखे भाग होत नाहीत. मग एक ६.३५ आणि एक ६.३४ होतो. केंद्राचा आणि राज्याचा कर सारखाच हवा. म्हणून अडीच टक्के एकदाच काढा, गोल करा आणि तोच आकडा दोन्ही कॉलममध्ये ठेवा.

एमआरपीतून उलटं येताना

आता गुरुजींच्या गोणीकडे. माझा जुना प्रोग्राम काय करत होता? २६६.५० भागिले १.०५ म्हणजे २५३.८०९५, गोल करून २५३.८१. मग सीजीएसटी ६.३४५२, गोल करून ६.३५, तसाच एसजीएसटी. तीन आकडे स्वतंत्रपणे गोल केले, आणि तिघंही योगायोगानं वर गेले. डीएपीत १२८५.७१ आणि ३२.१४ दोनदा, तिथे तिघंही खाली गेले.

तीन आकड्यांची बेरीज ठरलेली असेल तर तिघांनाही गोल करायचं नसतं. दोन गोल करा, तिसरा वजाबाकीनं काढा. आणि वजाबाकीनं काढायचा तो करपात्र रकमेचा आकडा, कारण दोन कर सारखे ठेवायचेत आणि एमआरपी तर हलवताच येत नाही.

पायऱ्या अशा. ओळीची एकूण रक्कम घ्या, नग गुणिले एमआरपी. त्याला २.५ नं गुणा, १०५ नं भागा, गोल करा: हा सीजीएसटी. तोच एसजीएसटी. एकूण रकमेतून दोन्ही वजा करा: ही करपात्र रक्कम.

युरिया: २६६.५० गुणिले २.५ भागिले १०५ म्हणजे ६.३४५२, गोल ६.३५. करपात्र २५३.८०. बेरीज २६६.५०. डीएपी: ३२.१४, करपात्र १२८५.७२, बेरीज १३५०. दोन्ही जुळले. अठरा टक्क्यांच्या मालाला ९ आणि ११८ घ्या, बाकी तेच.

एका गोणीवर कर काढून मग नगानं गुणू नका. सात गोण्यांचा सीजीएसटी ६.३५ गुणिले ७ केला तर ४४.४५, सात गोण्यांच्या १८६५.५० वर काढला तर ४४.४२. तीन पैशांचा फरक, आणि गोण्या वाढल्या की तोही वाढतो.

या पद्धतीलाही एक कड आहे. करपात्र रकमेला पुन्हा अडीच टक्क्यांनी गुणून पडताळणी केली तर क्वचित एक पैसा इकडे-तिकडे येऊ शकतो. युरियाची एक गोणी अगदी त्या कडेवरच बसते: २५३.८० चे अडीच टक्के म्हणजे बरोब्बर ६.३४५. शाळेच्या रीतीनं ६.३५, बँकर्स रीतीनं ६.३४. कडेवरचं असं एखादं बिल पैशानं हललं तरी मी चालवून घेतो. एमआरपीच्या वरचं बिल मात्र चालवून घेण्यासारखं नाही; खताच्या बाबतीत तर तिथे खत नियंत्रण आदेश, १९८५ आडवा येतो.

सूट आणि हमाली वाटताना

बिलावर शंभर रुपयांची सूट आणि तीन सारख्या ओळी. प्रत्येकीला ३३.३३ दिले की ९९.९९. तीन भावांच्या वाटणीत एक पैसा धुऱ्यावर राहिल्यासारखं. काहीजण तो पैसा शेवटच्या ओळीवर टाकतात. तीन ओळींना चालतं. चाळीस ओळी असल्या तर शेवटच्या ओळीवर पंधरा-वीस पैशांचं ओझं येऊ शकतं, आणि ती ओळ दहा रुपयांच्या पुडीची असेल तर ते उठून दिसतं.

मी चढत्या बेरजेनं वाटतो. पहिल्या ओळीपर्यंतचा वाटा ३३.३३३, गोल ३३.३३. दुसऱ्या ओळीपर्यंतचा एकूण वाटा ६६.६६७, गोल ६६.६७. तिसरीपर्यंत १००. आता प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा करा: ३३.३३, ३३.३४, ३३.३३. बेरीज आपोआप शंभर, आणि कुठल्याही ओळीवर पैशापेक्षा जास्त भार नाही. डेटाबेसमध्ये हे विंडो फंक्शननं होतं: सम ओव्हर ऑर्डर बाय ओळ_क्रमांक यानं चढती बेरीज, तिचा गोल वाटा, आणि त्यातून लॅगनं घेतलेला आधीचा वाटा वजा. पहिल्या ओळीला लॅग काहीच देत नाही, तिथे शून्य धरायला विसरू नका. ऑर्डर बाय ओळ क्रमांकावरच असू द्या. रकमेवर लावलात तर दोन सारख्या रकमांच्या ओळी प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमानं येतील आणि पैसा इकडून तिकडे उड्या मारेल.

परतीच्या मालालाही हीच युक्ती. तीन बाटल्यांच्या ओळीवर सीजीएसटी २१.२९ आहे आणि शेतकरी एकेक बाटली परत आणतो. प्रत्येक वेळी ७.१० परत केले तर तिसऱ्या बाटलीला एक पैसा जास्त जातो. चढत्या बेरजेनं ७.१०, ७.०९, ७.१०.

राउंड ऑफ ही वेगळी ओळ आहे

बिलाची बेरीज पैशात आली, रोखीनं घेताना रुपयात करायची. हा फरक करात मिसळू नका, करपात्र रकमेतही नको. बिलाच्या टेबलात राउंड_ऑफ नावाचा स्वतंत्र कॉलम, आणि खात्यात त्याच नावाचं स्वतंत्र खातं.

पण कुठल्या दिशेनं? जवळच्या रुपयाचा नियम लावला तर २६६.५० चे २६७ होतात, म्हणजे पुन्हा गोणीवरच्या किमतीपेक्षा ५० पैसे जास्त. गुरुजींचं अर्धं भांडण हेच होतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण आमच्या बाजारात ते शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. म्हणून एमआरपीचा माल असलेल्या बिलाला मी खालीच गोल करतो, दुकानदार कुरकुरला तरी. आणि पैसे फोनवरून येणार असतील तर गोल करायचंच नाही, २६६.५० ला २६६.५० च येऊ शकतात. म्हणजे राउंड ऑफ हे पैसे घेण्याची रीत ठरल्यावर ठरतं, बिल सुरू करताना नाही.

या कॉलमवर एक चेक कंस्ट्रेंट लावा: रक्कम −१ आणि १ च्या मध्येच असावी. ओळींतली काही चूक झाकायला कोणी राउंड ऑफमध्ये चौदा रुपये टाकले तर डेटाबेसनंच अडवावं. मी हे अनुभवानं सांगतो; ते टाकणारा मीच होतो.

एकदा ठरलं की पुन्हा मोजू नका

बिल सेव्ह झालं की प्रत्येक ओळीवर दर, नग, कराचा टक्का, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी आणि एकूण, सगळं साठलेलं हवं. अहवाल, खातेउतारा, पुनर्मुद्रण यांनी फक्त साठलेले आकडे उचलायचे आणि बेरीज करायची. मालाच्या मुख्य टेबलातून टक्का घेऊन पुन्हा गुणाकार करायचा नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला सूक्ष्म अन्नद्रव्यांचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. ज्यांचे अहवाल चालू टक्का घेऊन मोजत होते, त्यांची जूनची बिलंही त्या दिवसापासून पाच टक्क्यांची दिसायला लागली असणार. तो फरक पैशांचा राहत नाही.

चाचणी, आणि जुनी बिलं

चाचणीला हातानं दहा बिलं करून भागत नाही. एक पैशापासून पाच हजार रुपयांपर्यंत प्रत्येक एमआरपी घ्या, पाच लाख आकडे होतात. प्रत्येकाला पाच आणि अठरा टक्क्यांनी उलटं फोडा आणि करपात्र अधिक दोन्ही कर बरोबर एमआरपी आहे का ते तपासा. साध्या संगणकावरही हे चहा पिऊन होईपर्यंत आटोपतं. तेच आकडे प्रोग्रामच्या बाजूनं काढून डेटाबेसच्या उत्तराशी ताडा. अर्ध्या पैशाच्या रीतीतला फरक इथे लगेच दिसतो. उणे रकमा आणि शून्य नग या दोन जागा वेगळ्या तपासा.

फ्लोटचा जुना कॉलम डेसिमलमध्ये नेताना आधी बॅकअप. मग जुना कॉलम तसाच ठेवून शेजारी नवा घ्या, त्यात दोन घरांत गोल करून भरा आणि दोघांत अर्ध्या पैशाच्या आसपास फरक असलेल्या नोंदींची यादी काढा. ती यादी डोळ्यांनी बघा आणि छापील बिलाशी ताडा. छापील बिलावर जो आकडा गेला तोच खरा, डेटाबेसला काहीही वाटो.

दिलेली आणि विवरणपत्रात गेलेली बिलं नव्या सूत्रानं पुन्हा मोजायची नाहीत. खात्यात जो पैशांचा फरक दिसतो, तो हिशोबनिसाला विचारून एका जर्नल नोंदीनं राउंड ऑफच्या खात्यात टाका आणि तारखेपुढे कारण लिहा. माझ्या त्या दुकानात नवं सूत्र ज्या दिवशी लागलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतची बिलं जशी होती तशीच आहेत. गुरुजी उद्या आपल्या बिलाची प्रत मागायला आले, तर प्रिंटरमधून २६६.५१ च निघेल.